परक्या वजनांचा हिशेब

माणसाच्या रक्ताच्या वा लाळेच्या नमुन्यावरून त्याला पुढे मधुमेह अथवा हृदयविकार जडण्याचा संभव किती, हे एका गुणांकात सांगणाऱ्या संगणकीय प्रणाली आज जगभर प्रचारात आहेत. 'प्लिंक' २००७ पासून आणि 'प्रिसाइस' २०१५ पासून संशोधकांना विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचे गणित मुळात बेरजेचे आहे. जनुकसंचातील हजारो, प्रसंगी लाखो ठिकाणचे फरक पाहावयाचे, प्रत्येकास ठरलेल्या वजनाने गुणावयाचे व बेरीज मांडावयाची. यंत्राची बेरीज सहसा चुकत नाही. ही वजने कोणाकडे पाहून ठरविली, हा खरा प्रश्न होय.

ती ठरली प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून. 'यूके बायोबँके'ने २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांची नोंद केली. त्यांतील बहुसंख्य गोरे आहेत. जगभरच्या अशा अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे असल्याचे २०१९ मध्ये दाखवून देण्यात आले. शिवाय ज्या जनुकीय खुणेस वजन दिले जाते, ती पुष्कळदा रोगाचे प्रत्यक्ष कारण नसते, त्या कारणाच्या शेजारी असते एवढेच. आणि हा शेजार प्रत्येक लोकसमूहात सारखा नसतो. म्हणूनच लंडनमध्ये बरा चालणारा गुणांक अमरावतीच्या राजापेठेत तितकाच खरा ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

वऱ्हाडाला उसन्या मापाचा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' या नावाने ओळखला जाई आणि अमेरिकी लांब धाग्याच्या तुलनेत हलका ठरे. ते नुकसान निदान खंडीच्या भावात मोजता येत होते.

परकी वजने सर्वथा टाकाऊ आहेत, असे मात्र नव्हे. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी व इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपीय माहितीवर बेतलेला गुणांक पुण्यातील रुग्णांतही पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील भेद ओळखण्यास उपयोगी पडतो, असे त्यात आढळले. परंतु पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मोजक्या जनुकांचा प्रभाव मोठा असतो. आणि मुख्य म्हणजे हा गुणांक येथील रुग्णांवर पडताळून पाहण्यात आला. पडताळणीवाचून तो बाजारात विकणे ही अगदी निराळी गोष्ट आहे.

'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार व्यक्तींची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये भारतीय संशोधकांना खुली झाली, हे स्वागतार्ह आहे. तथापि वजने ठरविण्यास आजारांच्या दीर्घ नोंदी असलेली लाखो माणसे लागतात. त्यातही, पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक करणाऱ्या या देशात 'भारतीय' असे एकच माप कोठून असणार? राजापेठेतील व्यापारी आणि मेळघाटातील कोरकू यांना एका तराजूत घालणे धाडसाचे ठरेल.

गुणांक चुकला तर भुर्दंड कोणी सोसावयाचा? अमेरिकेने २००८ साली कायदा करून आरोग्यविमा व नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. आयुर्विमा मात्र त्यातून सुटला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये जनुकीय विकारांना सरसकट वगळणारी विम्याची अट भेदभावकारक ठरविली; परंतु स्वतंत्र कायदा अद्याप नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही जनुकीय माहितीचा वेगळा वर्ग केलेला नाही. उद्या एखाद्या कारकुनाकडे अशा गुणांकावरून वाढीव हप्ता मागितला गेला, तर तो कोणत्या लोकांच्या वजनांनी काढला, हे त्याने कोणास विचारावयाचे आणि त्याचे उत्तर देण्यास कंपनी बांधील आहे किंवा नाही, हे संसदेने कायद्यात आताच लिहून ठेवावयास हवे.