तांब्यात उमटलेला इतिहास

अमृतसरच्या हरमंदिर साहिबसमोर प्रत्येकाची नजर सोन्यावर जाते. माझा आग्रह आहे की ती सोन्याखालच्या तांब्यावरही जावी. १७६२मध्ये अहमदशाह अब्दालीने उद्ध्वस्त केलेलं हे मंदिर शीखांनी पुन्हा उभारलं. पुढे महाराजा रणजितसिंहांनी त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे चढवले. अमृतसरच्या कारागिरांनी हे पत्रे मागून ठोकून वेलबुट्टी आणि गुरुमुखी अक्षरं उठावात आणली, काही मोजक्या आकृतीही घडवल्या. त्यांत गुरू नानकांच्या एका बाजूला त्यांचा सोबती मानला जाणारा बाला आहे, दुसऱ्या बाजूला रबाब वाजवणारा मर्दाना. मर्दाना मुसलमान होता, गुरूंच्या दूरदूरच्या प्रवासांचा सोबती होता, आणि शीखांच्या सर्वांत पवित्र वास्तूवर त्याला गुरूंशेजारी जागा मिळाली. शीख धर्मात मूर्तिपूजा नाही. माथा टेकायचा तो आत विराजमान असलेल्या गुरू ग्रंथ साहिबापुढे. म्हणूनच बाहेरच्या या आकृती पूजेसाठी नाहीत, आठवणीसाठी आहेत. धर्मांच्या नावाने भिंती उभारणाऱ्यांनी ही भिंत जरूर वाचावी.