सही आमची, गुण त्यांचे



गावात कॉलेजची गाडी आली की तिच्यातून आधी काय उतरते? बॅनर. मग फोटोवाला. मग हजेरीचा कागद. साहेब सगळ्यांत शेवटी. अर्धा-पाऊण तास भाषण, एक नारळ, एक शाल, दोन रोपे. हजेरीच्या कागदावर पन्नास सह्या आणि निघताना सरपंचाच्या लेटरहेडवर एक आभारपत्र. गाडी वळली की पारावरची माणसे म्हणतात, 'फोटू काढा अन् चालना ग्यात.'

आपण हसतो आणि विसरतो. पण तो कागद विसरण्यासारखा नाही. त्या कागदाचे गुण होतात, गुणांची श्रेणी होते आणि श्रेणीवर कॉलेजची पत ठरते. आपली सही ही त्यांच्या परीक्षेची उत्तरपत्रिका आहे. आपण ती न वाचता, फुकट लिहून देतो.

ही परीक्षा कशी होते ते एकदा समजून घेऊ. कॉलेजे आणि विद्यापीठे तपासण्यासाठी १९९४ साली बंगलोरला 'नॅक' नावाची संस्था निघाली. तिने २०१७ साली जी सुधारित पद्धत आणली तिच्यात संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्याचा निकष ठेवला. प्रश्न काय होते? वर्षात विस्ताराचे किती कार्यक्रम केले. किती टक्के विद्यार्थी त्यांत सहभागी झाले. विस्तारकार्याबद्दल सरकारी किंवा सरकारमान्य संस्थांचे किती पुरस्कार मिळाले. एका वर्णनाच्या प्रश्नात 'परिणाम' हा शब्द होता, नाही असे नाही. पण परिणाम कोणावर? विद्यार्थ्यांना सामाजिक प्रश्नांची जाणीव व्हावी, त्यांचा सर्वांगीण विकास व्हावा, यासाठी आसपासच्या समाजात काय केले, असा तो प्रश्न! म्हणजे गाव हे पोरांच्या विकासाचे साहित्य झाले, प्रयोगशाळेतल्या बेडकासारखे. बेडकाला कोणी विचारत नाही, तुला काय मिळाले.

दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाची विद्यापीठांची क्रमवारी २०१६ पासून लागते. तिच्यात 'पोहोच आणि समावेशकता' या सदराला शंभरात दहाचे वजन आहे. पोहोच म्हटल्यावर तुम्हाला आम्हाला वाटेल की विद्यापीठ बांधावर किती पोहोचले ते बघत असतील. तिथे मोजतात ते वेगळेच. परराज्यातले आणि परदेशातले विद्यार्थी किती, मुली किती, गरीब आणि मागास घरांतले किती, अपंगांसाठी सोयी काय. हे सारे मोजलेच पाहिजे, आमच्याच पोरी त्यात आहेत. पण गावापर्यंतची पोहोच या सदरात कुठेच नाही.

आणि तो 'दत्तक' शब्द! राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, तिचे सात दिवसांचे शिबीर दत्तक गावात. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्राने उन्नत भारत अभियान काढले, त्यात प्रत्येक संस्थेने किमान पाच गावे निवडायची. ती झाली 'दत्तक गावे'. दत्तक कोणाला घेतात? ज्याला आईबाप नाहीत त्याला, किंवा ज्याच्या नावाने इस्टेट चालवायची आहे त्याला. आमच्या गावाला आईबाप आहेत. दुसऱ्या कारणाचा तेवढा खुलासा व्हावा.

आता खऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे शेतीकडे येऊ. साध्या कॉलेजांना माफ करता येईल, त्यांचा तो धंदा नाही. कृषी विद्यापीठाचा आहे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन पायांवर ते उभे आहे. खानदेशासाठी हे विद्यापीठ राहुरीचे, १९६८ पासूनचे. ज्या जोतीबांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांचे नाव त्याला आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या आमच्या मायमाउलीचे! नावे तर आमच्या घरातलीच घेतली, मग हिशेबही आमच्या घरात बसून करायला हरकत कसली?

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर 'प्रशिक्षण व भेट' योजना आली होती. जुन्या मंडळींना आठवत असेल. बेनॉर नावाच्या इस्रायली तज्ज्ञाची ती रचना. कृषी सहाय्यकाने पंधरा दिवसांतून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याकडे जायचे, त्याने बाकीच्यांना सांगायचे. भेट झाली की रकाना भरला. भेटीत सांगितलेले कोणी केले का, केले तर फायदा झाला की अंगाशी आले, याला रकाना नव्हता. बँकेचे पैसे थांबले, योजना विरली. रकाने मात्र राहिले. आज कृषी विज्ञान केंद्राचा अहवाल उघडा, प्रशिक्षणे इतकी, लाभार्थी इतके, प्रात्यक्षिके इतकी. 'लाभार्थी' म्हणजे कोण? जो सतरंजीवर बसला तो.

प्रात्यक्षिकात निदान उतारा मोजतात, हे खरे. सुधारित पद्धतीचा प्लॉट आणि शेजारी शेतकऱ्याच्या पद्धतीचा प्लॉट, दोन्हींचे वजन, आणि वाढ इतके टक्के. पण तो प्लॉट कुठला असतो? रस्त्याला लागून, कारण साहेबांची गाडी जायला हवी. जमीन भारी काळी, जवळ विहीर, मालक ओळखीचा. बी फुकट, औषध फुकट, आणि शास्त्रज्ञ स्वतः येऊन सांगतो, आज फवारा. एवढे लाड झाल्यावर बांधावरचे बोरही चार टोपल्या जास्त देईल. मुरमाड, उताराच्या रानात, जिथे बोरी आटल्यावर प्यायलाही पाणी नसते, तिथे ती पद्धत टिकते का, हा प्रश्न प्लॉट निवडतानाच वगळलेला असतो.

शिवाय मोजतात ते एका वर्षाचे. कोरडवाहू शेतकरी एका वर्षावर जगत नाही. समजा एकरी चार क्विंटल कापसाचे पाच झाले, एका क्विंटलचे साडेसात हजार जास्त आले. त्यासाठी खताची एक गोणी जास्त, दोन फवारण्या जास्त, एक निंदणी जास्त आणि त्या क्विंटलाची वेचणी मिळून समजा साडेसहा हजार गेले. चांगल्या वर्षी हजार उरले, ठीक. पण पावसाने पंचवीस दिवस ओढ दिली तर? खत आणि औषध तर आधीच जमिनीत गेले, क्विंटल मात्र आला नाही. पाच वर्षांत अशी दोन वर्षे आली की चांगल्या वर्षांत उरलेलेही गेले आणि वर कर्ज. २०१८ साली सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात खानदेशचे तालुके होते. सरासरीने शिफारस करणारा पगारावर जगतो. आम्हाला वाईट वर्षातून जिवंत बाहेर पडायचे असते. शिफारशीची परीक्षा वाईट वर्षी झाली पाहिजे.

आणि मोजायचे तरी काय? ज्वारीचे बघा. हायब्रीड ज्वारी आली तेव्हा कागदावर दाण्याचा उतारा दुप्पट दिसला. खरिपात कणसावर पाऊस पडला की दाणा काळा, आणि ताटे आखूड, कडबा निकृष्ट. दादर पिकवणारा आमचा माणूस दाणा आणि कडबा एकत्र तोलतो, मग भाकरीची चव बघतो. कारण बैल आणि म्हैस कडब्यावर जगतात, आणि टंचाईच्या वर्षी कडब्याचेच पैसे होतात. पुढे राहुरीने हे ओळखले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा, अशी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणांची वाटणी केली. हे काम चांगले, आम्ही मान्य करतो. पण पेरणीच्या आधी ते बी गावात मिळाले का, हलक्या जमिनीवाल्याच्या हातात हलक्या जमिनीचेच बी पडले का, हे विचारणारा रकाना कुठे आहे?

दोन वह्या

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण साहेब लोक ते भाषणात सांगत नाहीत. केंद्राचा कृषी मूल्य आयोग हमीभाव सुचवताना राज्याराज्यांतून उत्पादनखर्चाचे आकडे घेतो. महाराष्ट्रातले आकडे गोळा करण्याची योजना कोणाकडे आहे? राहुरीच्याच विद्यापीठाकडे. त्यांची माणसे गावोगाव शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बी, खत, मजुरी, बैलजोडी, घरच्यांचे कष्ट यांची नोंद ठेवतात. म्हणजे एकाच विद्यापीठात दोन वह्या आहेत. विस्तार विभागाच्या वहीत मेळावे, प्रात्यक्षिके आणि टक्क्यांची वाढ. अर्थशास्त्र विभागाच्या वहीत एका क्विंटलमागे शेतकऱ्याचा खर्च. या दोन वह्या शेजारी ठेवून कोणी वाचतो का?

वाचल्या तर भाषणे करणे कठीण जाईल. महाराष्ट्रात कापूस मुख्यतः पावसावर, उतारा कमी, म्हणून क्विंटलमागचा खर्च देशाच्या सरासरीहून जास्त. हमीभाव मात्र देशाच्या सरासरीवर, आणि तोही २०१८ पासून रोखीचा खर्च अधिक घरची मजुरी यांच्या दीडपट. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात धरत नाहीत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले. त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि डिसेंबरअखेरपर्यंत उठवलेलेच ठेवले, नेमके आमचा कापूस बाजारात येण्याच्या वेळी. एकरी एक क्विंटल वाढवायला शिकवणाऱ्या विद्यापीठाने, त्या एका निर्णयाने किती क्विंटल पाण्यात गेले याचा हिशेब आपल्या अहवालात मांडावा. आकडे त्यांच्याच कपाटात आहेत.

म्हणून विस्ताराचे मोजमाप उताऱ्यात नको, एकरी उरलेल्या रुपयांत हवे.

कोणी म्हणेल, संघटनेला विद्यापीठच नको. खोटे! आम्हाला विज्ञान हवे, आणि खरे विज्ञान पोहोचते तेव्हा काय होते तेही ठाऊक आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून सत्तरच्या दशकाच्या शेवटी भुईमुगाचा 'जेएल २४', म्हणजे फुले प्रगती, बाहेर पडला. लवकर येणारा आणि उपट्या. एका शेतकऱ्याने पेरला, पाव्हण्याने पायलीभर नेला, त्याच्या गावात पसरला. असा तो देशभर गेला, आफ्रिकेत मलावीपर्यंत गेला, तिथे त्याला 'काकोमा' म्हणतात. पाव्हण्याने नेलेल्या त्या पायलीची हजेरी कोणी घेतली नाही, तिचा फोटो नाही. आजच्या मोजमापात जळगावच्या त्या सर्वांत यशस्वी विस्तारकार्याला शून्य गुण पडतील, आणि नारळ फोडलेल्या मेळाव्याला पूर्ण.

आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेच्या नमुन्यावर उभी राहिली. तिथला विस्ताराचा कायदा १९१४ चा. पण तिथल्या विस्तार कार्यालयाचा काही खर्च त्या त्या जिल्ह्याची स्थानिक सत्ता उचलते, त्यामुळे तिथला माणूस जिल्ह्याला उत्तर देतो. आपण विद्यापीठ आणले आणि ती दोरी अमेरिकेतच ठेवली. आपल्याकडे विद्यापीठाच्या परिषदेवर शेतकऱ्यांच्या नावाने सभासद असतात, पण ते सरकार नेमते. मुंबईने नेमलेला माणूस अमळनेरच्या मुरमाड रानाचे गाऱ्हाणे कशाला मांडेल?

सही रोखा

मग करायचे काय? दोरी आपल्या हातात एकच आहे, सही. त्यांना पुरावा लागतो आणि पुरावा आपल्याकडे आहे. तेव्हा यापुढे आभारपत्राचा तयार मजकूर आला तर सरपंचांनी सही करू नये. मजकूर आपण लिहू. ज्या दिवशी कार्यक्रम झाला त्या दिवशी नाही, तीन हंगामांनंतर. ज्यांना विचारायचे ती माणसे विद्यापीठाने निवडलेली नकोत. गावच्या खातेदारांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून वीस नावे काढा, त्यांत पाच बाया असाव्यात, कारण निंदणी-वेचणीचा हिशेब त्यांनाच ठाऊक. त्यांना विचारा. सांगितलेले केले का? नाही केले तर का नाही? केले तर एकरी किती रुपये जास्त लागले, किती जास्त आले, पाऊस कमी पडला त्या वर्षी काय झाले? शेजाऱ्याने बघून उचलले का? फसलेला प्लॉटही लिहा. उत्तरे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, साहेबांना समोर बसवा. मग त्यावर सही करा, शिक्का मारा, आणि हेच पत्र अहवालाला जोडायला सांगा. काम चांगले असेल तर असे एक पत्र त्यांच्या शंभर फोटोंना भारी पडेल.

कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून येणाऱ्या पोरांवर राग धरू नका. ती आपलीच पोरे आहेत, बीजप्रक्रिया दाखवा म्हटले की दाखवतात, मग कपाशीचे बी पाकिटातून औषध लावूनच येत असो. त्यांना चहा द्या आणि आपली खर्चाची वही द्या. एका एकराचा खरा जमाखर्च लिहून न्यायला लावा.

पुढच्या जिल्हा बैठकीला अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, शिंदखेडा आणि धुळे तालुक्यांतल्या प्रत्येक गावाने गेल्या तीन वर्षांत दिलेल्या आभारपत्रांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात. प्रत नसेल तर कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात मागा, फी दहा रुपये. बैठकीत ती पत्रे मोठ्याने वाचू, आणि प्रत्येक पत्रानंतर त्या गावच्या माणसाला उभे करून विचारू, खरे काय झाले ते सांग.