सोन्याचे कडे की हातकडी?

मुलताईकडून सातपुड्याचा घाट उतरून गाडी मध्य प्रदेशातल्या तिगावला येते आणि पुढे पांढुर्ण्याकडे निघते. रुळांच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. त्या बागांमधल्या विहिरीवरची मोटार आता पुष्कळ शेतकरी घरच्या ओट्यावर बसूनच चालू करतात. स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते, ठरलेल्या नंबरवरून फोन आला की मोटार सुरू. रात्री-बेरात्री थ्री फेज आली म्हणून बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून बागेत जाणे वाचले. या सोयीला नावे ठेवण्याचे पाप मी करणार नाही. पण हा स्टार्टर माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतो, आणि फोनवर दिसणारा नंबर खोटाही असू शकतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा असतो, हेही विकत घेताना कोणी सांगत नाही.

आता समजा, गावातल्याच एखाद्या आयटीआयच्या पोराने खोट्या नंबरवरून दुसऱ्याची मोटार चारचौघांत चालू करून दाखवली. गाव त्याला शाबासकी देईल? बहुधा पहिला शब्द असेल, ‘काऊन बे, लोकायच्या मोटारीले हात लावतं?’

एका स्टार्टरपुरता हा प्रश्न असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण हीच भाषा, थोड्या शुद्ध मराठीत आणि लेटरहेडवर, वीजजाळी, रेल्वे आणि अणुवीज केंद्रे चालवणारेही बोलतात. यंत्रणेतली खोट शोधणाऱ्यांविरुद्ध त्यांचे तीन आक्षेप असतात. एक, आमची नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जाळ्याला जोडलेलीच नाही, त्यामुळे भय नाही. दोन, खोट उघड करणे म्हणजे चोराला वाट दाखवणे. तीन, हे सगळे भीतीचे दुकान आहे, दिवे जातात ते माणसाच्या चुकीने. तिन्ही आक्षेप तपासून पाहू.

पहिला आक्षेप ऐकायला सर्वांत भक्कम. २०१९च्या ऑक्टोबरात कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या संगणकांत घातक प्रणाली शिरल्याचे सायबर सुरक्षा अभ्यासक पुखराज सिंग यांनी जाहीरपणे सांगितले. २९ ऑक्टोबरला केंद्राने खुलासा केला की नियंत्रण यंत्रणा स्वतंत्र आहे, इंटरनेटला जोडलेली नाही, तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले की घातक प्रणाली सापडली ही गोष्ट खरी आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने ती ४ सप्टेंबरलाच कळवली होती आणि बाधित संगणक प्रशासकीय कामाच्या जाळ्यातला होता. न्यायाने बोलायचे तर अणुभट्टीच्या नियंत्रणापर्यंत काही पोहोचल्याचा पुरावा पुढे आला नाही. केंद्राचे पहिले विधान त्या मर्यादेत खरेही असेल. माझे भांडण त्यातल्या ‘शक्यच नाही’ या दोन शब्दांशी आहे. इराणच्या नतान्झ केंद्रातली यंत्रेही बाहेर जोडलेली नव्हती, तरी २०१० साली उजेडात आलेली स्टक्सनेट ही घातक प्रणाली तिथे पोहोचलीच होती. जाळे जोडलेले नसेल, पण पेनड्राइव्ह असतो, दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा लॅपटॉप असतो. बंद दारावर विसंबणारा खिडकीकडे बघत नाही, एवढाच त्या ‘शक्यच नाही’चा परिणाम.

त्यात या यंत्रणांच्या आपसातल्या बोलीची गंमत आहे. कारखान्यांत आजही सर्रास वापरला जाणारा मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९चा. ‘पंप चालू कर’ असा हुकूम आला की तो हुकूम देणारा कोण, हे विचारण्याची सोयच त्याच्या मूळ रचनेत नाही. सगळे एका आवारातले, ओळखीचे, असे गृहीत धरून तो बनला होता. बागेतला स्टार्टर निदान नंबर तरी बघतो.

दुसरा आक्षेप असा की खोट सांगितली की चोर शहाणा होतो. यात खोट आणि खोटेची बातमी यांची गल्लत आहे. बातमी आजची असते, खोट मात्र यंत्र बसवले त्या दिवसापासून तिथेच असते. शोधणारा ती निर्माण करत नाही. आणि लपवून ठेवलेली खोट काय करते, हे पाहायला परदेशी हेराचीही गरज पडत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण काटा मालगाडी उभी असलेल्या लूप लाइनकडे वळलेला होता. २९०हून अधिक माणसे गेली. हा सायबर हल्ला नव्हता. सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालातले एक वाक्य विसरण्यासारखे नाही. चुकीच्या तारजोडणीचाच असा प्रकार १६ मे २०२२ रोजी त्याच खडगपूर विभागात बाँकडानयाबाज स्थानकात घडला होता, आणि तेव्हाच उपाय झाले असते तर हा अपघात टळला असता. त्याशिवाय फेब्रुवारी २०२३मध्ये कर्नाटकातल्या होसदुर्ग रोड स्थानकात तशीच गफलत चालकाच्या सावधपणामुळे निभावली, आणि दक्षिण पश्चिम रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्र लिहून धोक्याचा इशारा दिला. म्हणजे खोट माहीत होती, कागदावर होती, आणि कागद फायलीत होता. तिगावच्या घाटातून जाणाऱ्या प्रवाशाचा जीव चोराला किती कळते यापेक्षा रखवालदाराला कळलेले कुठे अडते, यावर जास्त अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ला रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला. चीनशी संबंधित ‘रेडएको’ नावाच्या गटाने भारतातल्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केले आणि त्यांत वीजवाटप सांभाळणाऱ्या पाच प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांपैकी चार होती, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताचा संशय बोलून दाखवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की मुंबईचा अंधार मानवी चुकीमुळे झाला, हल्ल्याचा पुरावा नाही.

पांढुर्ण्याच्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधोमध पळसाच्या झाडाला झेंडा. दोन्हीकडून गोटे सुटतात. मुंबईच्या अंधाराची अशीच गोटमार झाली. एका काठावर ‘चीनने केले’, दुसऱ्यावर ‘काहीच झाले नाही’. मधला झेंडा, म्हणजे जे खरोखर ठाऊक होते ते, नदीतच राहिले. कारण मूळ अहवालानेच स्पष्ट म्हटले होते की त्या अंधाराशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही. आणि ऊर्जा मंत्रालयानेही मान्य केले होते की भार प्रेषण केंद्रांत ‘शॅडोपॅड’ ही घातक प्रणाली सापडल्याचा इशारा सर्ट-इनकडून नोव्हेंबर २०२०मध्येच मिळाला होता. म्हणजे अंधार चुकीमुळे आणि घुसखोरीही खरी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. ‘हल्ला नव्हता’ यावरून ‘खोट नव्हती’ असे सिद्ध होत नाही. उलट ज्या जाळ्याला एका माणसाची चूक मुंबई अंधारात लोटायला पुरते, ते हेतुपुरस्सर केलेल्या चुकीला किती पुरेल?

आणि हे मुंबईचे दुखणे म्हणून तिगावाने सोडून द्यावे असेही नाही. इथली वीज जबलपूरच्या भार प्रेषण केंद्राच्या हिशेबातली, आणि जबलपूर पश्चिम प्रादेशिक केंद्राच्या. ते केंद्र मुंबईत आहे. महाराष्ट्राची सीमा नकाशावर तिगावच्या खाली थांबते, तारांमध्ये थांबत नाही.

खंडन एवढे पुरे. मग मांडायचे काय? त्यासाठी मला रायगडच्या दोन आख्यायिका आठवतात. हिरकणीची सर्वांना ठाऊक आहे. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला. दुसरी तितकी सांगितली जात नाही. गड बांधून झाल्यावर महाराजांनी दवंडी पिटवली की दरवाजाखेरीज अन्य वाटेने जो गड चढून दाखवील त्याला होनांची थैली आणि सोन्याचे कडे. एका महार गड्याने ते करून दाखवले. महाराजांनी त्याला बक्षीस दिले आणि ती वाट बंद केली. इतिहास म्हणून या कथा मी पुढे करत नाही. पण आपल्या लोकांनी चांगल्या राजाची कल्पना कशी केली, एवढे त्यांत नक्की दिसते. गडी बोलावणे घेऊन चढला, हिरकणी न विचारता उतरली. राजाने शिक्षा दोघांपैकी कोणालाच केली नाही.

आपला कायदा मात्र हिरकणीला ओळखत नाही. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमे मालकाच्या परवानगीवर उभी आहेत. कलम ७० खाली ‘संरक्षित’ ठरलेल्या यंत्रणेत विनापरवाना शिरल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने खोट शोधून ती गुपचूप मालकाला कळवणाऱ्यासाठी त्यात वेगळे कलम नाही. २०१०मध्ये मतदान यंत्रातले दोष दाखवणाऱ्या हरि प्रसाद यांना मुंबई पोलिसांनी हैदराबादहून अटक केली, ती यंत्र सरकारी कोठारातून चोरीला गेले या आरोपावरून. यंत्र आले कुठून, हा प्रश्न रास्त होता. पण अभ्यासाला सरळ मार्गाने यंत्र मिळण्याची सोय असती, तर तो प्रश्न उभाच राहिला नसता. बेल्जियमने २०२३मध्ये अशा अभ्यासकांना अटी घालून कायद्याचे संरक्षण दिले. ते भारताला अशक्य आहे असे मला वाटत नाही.

अटी हव्यातच. चालू उपकेंद्रावर किंवा धावत्या गाडीच्या सिग्नलवर कोणीही प्रयोग करू नये. जुनी नियंत्रक यंत्रे साध्या चाचपणीनेही बंद पडतात, हे अभ्यासकच सर्वांत आधी सांगतील. प्रयोग प्रतिकृतीवर व्हावा. आयआयटी कानपूरमध्ये अशा प्रतिकृती उभ्या आहेत, तशा प्रत्येक राज्याच्या वीज कंपनीने एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात उभ्या कराव्यात. खोट कळवल्यावर दुरुस्तीला ठरलेली मुदत असावी, आणि मुदतीनंतर ती जाहीर करण्याचा हक्क असावा. मोठ्या अपघाताचा तांत्रिक अहवाल लोकांपुढे यावा, म्हणजे मंत्र्यांना दोन काठांवरून बोलावे लागणार नाही.

आणि खांबावर चढणारा लाइनमन टिकवावा. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी दुरून स्विच पाडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. नियंत्रण कक्षातली माणसे पडद्यावर आपोआप फिरणारा बाण बघत राहिली. काही तासांत वीज परत आली, कारण तिथल्या कामगारांना उपकेंद्रावर जाऊन हाताने स्विच लावता येत होते.

रायगडच्या कथेतला राजा दोन कामे करतो. कडे देतो आणि वाट बंद करतो. आपण पुष्कळदा वाट उघडी ठेवतो आणि चढणाऱ्याला हातकडी दाखवतो. तिगावच्या त्या पोराला ‘काऊन हात लावला’ हे जरूर विचारावे. पण त्याच्या आधी मोटारीचा पासवर्ड बदलावा, आणि नंतर त्याला ओट्यावर बसवून चहा देऊन विचारावे, ‘सांग बाप्पा, आणखी कुठून चढता येतं?’