तासाभराची फेरी की अर्ध्या दिवसाची? गोव्याच्या कालव्यातील सहलीचा हिशेब

भूम-परंड्याकडे ‘क्रूझर’ म्हटले की वऱ्हाड नेणारी जीप डोळ्यांपुढे येते आणि ‘कालवा’ म्हटले की आवर्तन कधी सुटणार, हा प्रश्न. त्यामुळे गोव्याच्या सहलीत ‘कालव्यातील क्रूझ’ असे कोणी सांगितले तर आपल्या माणसाचा गोंधळ उडणे साहजिक आहे. एक फेरी तासाभराची, स्वस्त. दुसरी तीन-चार तासांची, महाग. जीपवाला सांगतो, ‘‘चाचा, पाणी दोन्हीकडे तेच आहे, लहान घ्या.’’ हॉटेलचा माणूस सांगतो, मोठीच घ्या. दोघांचेही त्यात कमिशन असू शकते. तेव्हा हिशेब आपणच मांडलेला बरा.

या हिशेबात पैशाआधी वेळ येतो. भूम तालुका खव्याचा. दूध रोज येते आणि भट्टी रोज पेटते. साधारण चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती येतो आणि तो नाशवंत माल ठरल्या वेळी पुण्या-मुंबईकडे किंवा हैदराबादकडे निघावा लागतो. कापडाचे दुकान चार दिवस बंद ठेवता येते, भट्टी ठेवता येत नाही. म्हैस काही सुट्टी पाळत नाही. अशा घरातील माणसे सहलीला निघतात ती भाऊ किंवा भाचा मागे ठेवून, तेही शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत येण्याच्या बोलीने. जाण्यायेण्यात दोन रात्री जातात. हाती उरतो शनिवार आणि रविवारचा बराचसा भाग. त्यातील अर्धा दिवस बोटीत घालवायचा की नाही, हा निर्णय म्हणून साधा नाही.

आता ‘पाणी तेच’ या म्हणण्याकडे वळू. ते खरे नाही. तासाभराची फेरी पणजीच्या धक्क्यावरून संध्याकाळी सुटते आणि मांडवी नदीत फिरून परत येते. कालव्यात ती शिरतच नाही. बोट मोठी, शे-दीडशे माणसांची. वर गाणी, कोंकणी आणि पोर्तुगीज वळणाचे नाच, ध्वनिक्षेपक. काठावर आदिलशहाचा जुना राजवाडा दिसतो, तोच पुढे पोर्तुगीजांचे आणि नंतर गोवा सरकारचे सचिवालय झाला. नदीत नांगरून ठेवलेले कॅसिनो दिसतात. सूर्यास्ताची फेरी घेतली तर मगरिबची वेळ बोटीतच जाते, हेही ज्यांनी पाळायचे त्यांनी आधी लक्षात घ्यावे. जेवणासह जी मोठी रात्रफेरी असते तिच्यात मद्याची सोय असणे तेथे नेहमीचे आहे. आईवडील आणि मुलेबाळे बरोबर असलेल्या कुटुंबाने तिकीट काढण्यापूर्वी ते विचारून घ्यावे. चढल्यावर नाराज होऊन उपयोग नाही.

खरा कालवा म्हणजे कुंभारजुव्याचा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेकडून या दोघींना जोडणारा हा सुमारे १७ किलोमीटरचा खारा प्रवाह. या तीन पाण्यांमुळेच तिसवाडी तालुका बेट बनला आहे. २०१६ च्या कायद्याने देशभर १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात कुंभारजुव्याला २७ वा क्रमांक मिळाला. पण त्याचा व्यापारी उपयोग त्याहून कितीतरी जुना आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा होतो. त्या दिवसांत मांडवीकाठच्या खाणींचे लोहखनिज भरलेले बार्ज याच आतल्या वाटेने जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा बार्जवाल्यांचे काय हाल झाले ते गोव्यातील कोणत्याही धक्क्यावर विचारावे.

आपल्या वाचकाला आणखी एका कारणाने हा कालवा पाहावासा वाटेल. कालव्यावरच्या बाणस्तारीला आदिलशाहीचा किल्ला होता. तेथे रसूल खानाने पाय रोवले होते आणि १५१२ मध्ये अल्बुकर्कने वेढा घालून तो घेतला. पुढे कित्येक पिढ्या हेच पाणी पोर्तुगीजांची हद्द होते. शत्रू पोहून येऊ नये म्हणून राज्यकर्त्यांनी यात मगरी सोडल्या, अशी दंतकथा नावाडी सांगतात. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. मगरी मात्र खऱ्या आहेत. गोड्या पाण्यातली ही जात इथे खाऱ्या पाण्यात, खारफुटीच्या चिखलात राहते. दुर्भाटसारख्या काठच्या गावांत शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, कारण समुद्रसपाटीखालची त्यांची खाजन शेती बांधांवर तगलेली असते आणि बांधांवर मगरीची राखण आहे असे ते मानतात. तासाभराच्या फेरीत यातले काहीच येत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. आठ-दहा माणसांचे कुटुंब असेल, हाती एक सकाळ असेल, तर लांबची फेरी घ्यावी आणि संध्याकाळची सोडून द्यावी. दोन्ही घेणे म्हणजे दीड दिवसातील निम्मा वेळ धक्क्यांवर घालवणे. चाळीस-पन्नास माणसांची गाडी असेल तर मात्र उलट करावे. छोट्या होडीत तेवढी माणसे मावत नाहीत, चार होड्या करायच्या तर चौघांचा मेळ बसत नाही, आणि निम्मी मंडळी ऊन लागले म्हणून कुरकुरतात. तिथे तासाची फेरीच शहाणपणाची.

पैशाचा हिशेब तिकिटावरच्या तासांनी करू नये. समजा, लहान फेरीला माणशी ५०० रुपये पडले आणि चार तासांच्या मोठीला २,०००. वरवर पाहता तासाला दोन्हीकडे ५०० च. पण लहान फेरीसाठी पणजीत गाडी लावणे, रांग, चढणे-उतरणे धरून अडीच तास मोडतात, प्रवास एकच तास. उलट मोठ्या फेरीतही एक पाचर आहे. होडी पणजीच्या बाजूने सुटत असेल तर जाता-येता बराच वेळ रुंद मांडवीतच जातो आणि ‘चार तास कालवा’ प्रत्यक्षात दोन तासांचा उरतो. बाणस्तारीकडून किंवा जुवारीच्या बाजूने चढायला मिळाले तर तीच वेळ कालव्यात सत्कारणी लागते. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: होडी कुठून सुटणार आणि कालव्यात किती वेळ चालणार? त्याला सरळ उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ती आपल्या मराठवाड्याच्या माणसाला कोणी सांगत नाही. मगर चिखलावर ऊन खायला येते ती ओहोटीला, आणि तेही थंडीच्या सकाळी. भरतीत चिखल बुडालेला असतो. मग तीन तास फिरूनही फक्त झाडी दिसते आणि माणूस म्हणतो, फसवले. यात चांदाची तारीख कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारच्या सुमारास असते, म्हणजे सकाळभर पाणी चढत असते. तिथून रोज पाऊण-एक तासाने वेळ पुढे सरकते. चांदाची चौथी-पाचवी किंवा एकोणिसावी-विसावी तारीख आली की ओहोटी सकाळी आठ-दहाच्या सुमारास सापडते. कालव्याच्या आत थोडा फरक पडतो, तो नावाड्याला विचारून घ्यावा. ईदनंतर चार-पाच दिवसांनी निघणाऱ्यांना हा योग आपोआप जुळून येतो, फक्त ईद थंडीत असायला हवी! मे महिन्यात जाणाऱ्यांनी मगरीची आशा कमी धरावी आणि पक्ष्यांचीही. परदेशी पक्षी हिवाळ्यात येतात. चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सालीम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे. त्याची खरी शोभा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुलांची परीक्षा आड येत नसेल तर जानेवारीतील एक शनिवार-रविवार मेच्या आठवड्याला भारी आहे. लग्नसराईची खव्याची ओढही तेव्हा उन्हाळ्यापेक्षा थोडी सैल असते.

आता जिवाची गोष्ट, जिच्यापुढे वरचा सगळा हिशेब फिका आहे. आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातील कुगावहून उजनीच्या पाण्यातून कळाशीकडे निघालेली बोट २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी, ७ मे २०२३ रोजी, केरळात तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जणांचा जीव गेला. त्यात एकाच कुटुंबातील ११ जण होते. ती लांबची सफर नव्हती, छोटीशी फेरी होती. क्षमतेहून जास्त माणसे भरली होती आणि अंधार पडल्यावरही बोट पाण्यात होती. ‘लहान फेरी म्हणजे धोका कमी’ हा समज यातून सुटावा. धोका गर्दीत आहे, वाऱ्यात आहे, अंधारात आहे. गोव्यात बोटींची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे असते. परवान्यात किती माणसे बसवायची तो आकडा असतो, तो विचारावा आणि आपणच माणसे मोजावीत. लाइफ जॅकेट ढिगात पडलेले नको, प्रत्येकाच्या अंगावर बांधलेले हवे. मुलांच्या मापाचे नसेल तर मुलाला बसवू नये. पोहता येणारी माणसे आपल्याकडे फारशी नाहीत, विहिरीत उडी मारणे वेगळे आणि भरतीच्या ओढीत तरंगणे वेगळे.

छोट्या होडीची एक अडचण कोणी जाहिरातीत लिहीत नाही, ती म्हणजे बहुधा तिच्यात शौचालय नसते. मधुमेहाच्या वडीलधाऱ्यांना आणि तान्ह्या मुलाच्या आईला तीन-चार तास फार होतात. त्यांच्यासाठी काठावर थांबण्याची सोय आधी पाहावी, किंवा दोन तासांची होडी ठरवून मिळते का ते विचारावे. ठरवून घेतली तर बहुतेक नावाडी तयार होतात.

केरळला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पुण्याहून सोलापूरमार्गे कन्याकुमारीची गाडी आहे, ती कोट्टायमवरून जाते, त्यामुळे आपल्याकडून अलप्पुळा वाटते तितके अवघड नाही. तिथे निवड दिवसाची बोट की रात्रमुक्कामाची हाऊसबोट अशी असते. हाऊसबोट दुपारी बाराच्या सुमारास ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोडावी लागते. जाहिरातीत एकवीस-बावीस तास. पण संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती काठाला बांधावी लागते, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात. म्हणजे चालणारे तास पाच-सहा, बाकी काठाला बांधलेल्या खोलीचे भाडे. ज्याला ती खोलीच हवी आहे त्याने खुशाल घ्यावी. ज्याला कालवे पाहायचे आहेत त्याच्यासाठी केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची कोट्टायम-अलप्पुळा प्रवासी बोट आहे. साधारण अडीच तास आणि एस.टी.च्या तिकिटाइतके भाडे. गावची माणसे, शाळेची पोरे, भाजीच्या पाट्या यांच्यासोबत तेच पाणी, आणि खव्याच्या माणसाला तीच बोट जास्त आवडेल असे वाटते.

राहिला आपल्या जीपवाल्या पोरांचा प्रश्न. भूममध्ये गाड्या घेऊन सहली नेणारे तरुण मेहनती आहेत, कर्जाचे हप्ते फेडत आहेत. त्यांनी कमिशन घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. दलाली हा जुना, रास्त धंदा आहे. पण मांडवीची फेरी ‘कालवा’ म्हणून विकली तर ते गाईच्या खव्याला म्हशीचा म्हणण्यासारखे झाले. पुण्याच्या पेढीवर असा माल एकदाच खपतो, पुढच्या वेळी डबा उघडून वास घेतल्याशिवाय भाव सांगत नाहीत. छोट्या गावात तर गिऱ्हाईक आणि सोयरा एकच असतो. शिवाय कालव्याकाठच्या नावाड्याशी थेट बोलून ठेवले तर मधली दोन-तीन माणसे गळतात, गिऱ्हाईकाला होडी स्वस्त पडते आणि गाडीवाल्याचा वाटाही कमी होत नाही.

रविवारी सकाळची होडी ठरवली असेल तर सामान गाडीतच भरून निघावे. बाणस्तारीचा पूल पणजी-फोंडा रस्त्यावरच आहे, उतरल्यावर पणजीला परत फिरण्याचे कारण नाही. फोंड्याला अली आदिलशहाने १५६० मध्ये बांधलेली साफा मशीद आहे. जोहरची नमाज तिथे अदा करून, जेवून, मोले आणि अनमोड घाटाने दुपारी निघाले की दिवेलागणीपर्यंत बेळगाव, आणि तिथून रात्रभरात विजापूर, सोलापूर, बार्शी करत सोमवारचे दूध भट्टीवर येण्याच्या आत घर.