विजेच्या तारा आणि स्मरणशक्ती : भीती घरात, प्रश्न कामावर

शिवारातून नवी उच्चदाब वाहिनी जाणार म्हटले की मोबदल्याच्या वादाबरोबर आणखी एक धास्ती डोके वर काढते : तारांजवळ राहून मेंदूवर परिणाम होईल, स्मरणशक्ती जाईल. मेंदूचे काम विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालते, तेव्हा बाहेरच्या विजेने त्यात बिघाड होणारच, असा त्यामागचा तर्क. तो बिनतोड वाटतो, पण त्यात प्रमाणाचा विचारच नाही. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर धरलेल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूतल्या पेशी चेतवून दाखवल्या. आज नैराश्यावर ते तंत्र उपचार म्हणून वापरतात. म्हणजे चुंबकीय क्षेत्र मेंदूवर परिणाम करू शकते, हे वादातीत आहे. मात्र त्या कॉइलचे क्षेत्र एक-दोन टेस्ला असते आणि ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उसळून ओसरते. बहुतेक घरांतले विजेचे चुंबकीय क्षेत्र ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. म्हणजे कॉइलच्या एक कोटीव्या भागाइतके.

यावर उंदरांच्या प्रयोगांचा दाखला दिला जातो. हेन्री लाय आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली उंदरांना तासभर ६० हर्ट्झच्या क्षेत्रात ठेवले. नंतर पाण्यातला ओळखीचा चौथरा, जो पोहत शोधायला ते शिकले होते, काढून घेतला, तेव्हा तो जिथे होता त्या भागात हे उंदीर इतरांपेक्षा कमी वेळ घुटमळले. निष्कर्ष गांभीर्याने घेण्याजोगा आहे, पण ते क्षेत्र एक मिलिटेस्ला होते, घरातल्यापेक्षा दहा हजार पट तीव्र. इतर प्रयोगांचे निकाल एका दिशेने जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सारे पुरावे तपासले, तेव्हा आकलन आणि स्मृती यांबाबत ठाम निष्कर्ष काढता आला नाही. याच क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात घातले आहे, हे खरे. पण २००२ सालच्या त्या वर्गीकरणाचा आधार होता मुलांमधला रक्ताचा कर्करोग आणि ०.३-०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक सरासरी क्षेत्र असलेली मोजकी घरे. त्याचा स्मृतीशी संबंध नाही.

मग हा विषय मिटवून टाकावा का? नाही, आणि माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. पुरावा जिथे खरोखर अस्वस्थ करतो ती जागा घर नव्हे, कामाचे ठिकाण आहे. १९९५ साली युजीन सोबेल आणि सहकाऱ्यांना अल्झायमरच्या रुग्णांमध्ये शिलाई मशीनवर काम केलेल्यांचे प्रमाण लक्षणीय आढळले. मशीनची मोटर कामगाराच्या शरीराला जवळजवळ चिकटून असते आणि क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते, हे लक्षात घेतले की यातले मर्म कळते. त्याहून बोलके आहे स्विस रेल्वेच्या वीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण. इंजिनचालकांच्या वाट्याला सरासरी सुमारे २१ मायक्रोटेस्ला येत होते, स्टेशनमास्तरांच्या वाट्याला सुमारे एक. आणि चालकांमध्ये अल्झायमरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तिपटीच्या घरात निघाले. घरांबाबत मात्र चित्र डळमळीत आहे. स्वित्झर्लंडमध्येच वाहिनीपासून ५० मीटरांच्या आत दीर्घकाळ राहिलेल्यांत अल्झायमरचे मृत्यू अधिक दिसले, तर २०१३ सालच्या डेन्मार्कच्या अभ्यासात एकूणात तसा संबंध आढळला नाही.

कामगारांवरचे अभ्यासही निर्णायक नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर अल्झायमरची नोंद नेहमी होतेच असे नाही, स्विस रेल्वेची वारंवारिता १६.७ हर्ट्झ आहे, आणि वीज कामगारांना शॉक लागतात, त्यांचा परिणाम वेगळा काढणे कठीण. पण हे आक्षेप मान्य केले की अधिक अभ्यास हवा असेच निघते. अभ्यास नको असे निघत नाही. उलट घरांसाठी सुचवला जाणारा उपाय, म्हणजे वाहिन्या जमिनीखाली न्या, हा दिसतो तितका सरळ नाही. माती चुंबकीय क्षेत्र अडवत नाही आणि केबल पायांच्या जवळ आल्याने तिच्या नेमके वर ते मनोऱ्याखालच्यापेक्षा जास्तही भरू शकते, जरी दोन्ही बाजूंना ते लवकर ओसरते. वाहिन्यांपासूनचे अंतर, अपघात आणि जमिनीचा मोबदला यांवरून भांडणे रास्त आहे. त्यासाठी विसरभोळेपणाची भीती पुढे करण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात कामाच्या ठिकाणाचा हा प्रश्न विचारण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मुंबईची लोकल २०१६ पर्यंत १,५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर, म्हणजे स्विस रेल्वेसारख्या दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर, आली. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग आहेत, कपडे शिवणारे कारखाने आहेत, उपकेंद्रांतले ऑपरेटर आणि वेल्डर आहेत. मोबाइल टॉवरच्या लहरींसाठी केंद्राने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली, कारण शहरांतून ओरड झाली. मोटरजवळ आठ-दहा तास बसणाऱ्या शिलाई कामगाराच्या वतीने तशी ओरड होत नाही. रेल्वेने, महापारेषणने आणि महावितरणने कामाच्या जागी मोजमाप घ्यावे, आकडे कामगारांसमोर ठेवावेत आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या आरोग्याची, स्मृतीची नोंद चालू ठेवावी. कारखान्यांसाठी हेच काम राज्याच्या कामगार विभागाने हाती घ्यावे. सुरुवात मोटरमन आणि शिलाई कामगारांपासून व्हावी.