पिठाचा कोंबडा आणि व्रतभंगाच्या पायऱ्या

डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. कारंजा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशिम जिल्ह्यात आहे. दहाव्या शतकातील या अपभ्रंश काव्यातील यशोधराची कथा पुढे मेघराजाच्या ‘जसोधर रासा’तून मराठीतही आली. तथापि ‘बोधपर’ हा शिक्का एकदा बसला की अशा रचना भाषाभ्यासापुरत्या उरतात. त्यांत एक नैतिक विचार आहे, आणि तो आजच्या वाचकालाही अडवू शकतो, याकडे दुर्लक्ष होते.

कथा थोडक्यात अशी. उज्जयिनीचा राजा यशोधर याला राणी अमृतमतीचे एका कुबड्याशी असलेले संबंध कळतात व तो विरक्त होतो. खरे कारण सांगण्याची लाज वाटून तो आईला खोटे दुःस्वप्न सांगतो. आई चंद्रमती शांतीसाठी पशुबळीचा हट्ट धरते. राजाला हिंसा मान्य नाही. अखेर तोडगा निघतो : पिठाचा कोंबडा करावा आणि तो देवीपुढे कापावा. त्यानंतर राणी मायलेकांना विष घालते आणि दोघे मोर व कुत्रा यांपासून आरंभ करून पशुयोनींत फिरत राहतात. शेवटी यशोधराच्याच मुलाच्या पोटी जुळी भावंडे म्हणून जन्म घेतात. (राणीचे चित्रण आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावेच, पण तो स्वतंत्र विषय आहे.) एका पिठाच्या गोळ्यापायी एवढी शिक्षा? हा आक्षेप स्वाभाविक आहे.

हाच प्रश्न अगदी दूरच्या एका क्षेत्रात अलीकडे वारंवार वादाचा ठरला आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो व एक जण सूत्रधार आणि पंच असतो. १९७५ च्या पुरवणीत त्यात ‘पॅलाडिन’ हा धर्मयोद्धा आला. १९७८ च्या नियमांनुसार त्याच्या हातून केवळ शिस्तभंग झाला तर धर्मगुरूपुढे कबुली व प्रायश्चित्त यांवर भागते. जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर धर्मयोद्ध्याचे पद कायमचे जाते. सगळा वाद येथेच होतो : घडले ते कृत्य कोणत्या सदरात पडते? निवाडा पंच देतो. मात्र नियमाचे लक्ष कृत्यावर असते. कृत्यापूर्वी मनात काय शिजले, याची नोंद त्यात नाही.

जैन श्रावकाचार शस्त्रधाऱ्याला व्रताबाहेर टाकत नाही. स्वसंरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा आणि ठरवून केलेली संकल्पी हिंसा यांत तो भेद करतो. गृहस्थ क्षत्रियाला वर्ज्य आहे ती दुसरी. रणांगणावर शस्त्र चालवूनही राजा व्रतस्थ राहू शकतो, आणि देवळात पीठ कापून पडू शकतो. भंगालाही पायऱ्या आहेत. अमितगतीने त्या चार सांगितल्या : मनाच्या शुद्धीला तडा जाणे हा अतिक्रम, शीलाचे कुंपण ओलांडणे हा व्यतिक्रम, निषिद्धात वावरणे हा अतिचार आणि त्यातच गढून जाणे हा अनाचार. या मापाने पाहिल्यास यशोधराची घसरण कोंबड्यापासून सुरू होत नाही. ती खोट्या स्वप्नापासून सुरू होते. त्या असत्यामुळेच आईला बळीची मागणी करण्याची जागा मिळाली, आणि त्या मागणीतून सुटण्यासाठी राजाने हिंसेची प्रतिकृती पत्करली. कोंबडा पिठाचा असला तरी संकल्प पिठाचा नव्हता. व्रताचा शब्द सांभाळून त्याचा आशय मोडण्याची ही चतुराई कवीने नेमकी पकडली आहे. उघड भंग करणाऱ्याला आपण पडलो हे निदान कळते. यशोधराला ते कळण्यासाठी अनेक जन्म लागले.

ही कथा कारंज्याहून छापली जावी, यालाही अर्थ आहे. तेथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी भट्टारकांची तीन पीठे होती आणि त्यांच्या आश्रयाने तेथील शास्त्रभांडारे टिकली. भट्टारक दिगंबर परंपरेचे, पण वस्त्रधारी. सोळाव्या शतकात श्रुतसागरसूरींनी अशा वेषाला ‘अपवादवेष’ म्हटले. म्हणजे पिठाच्या कोंबड्याची कथा जपणारेही व्रत व व्यवहार यांच्यामधल्या तडजोडीतच उभे होते. दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल : यशोधराने आपले कारण लपवले, भट्टारकांचे वस्त्र सर्वांदेखत होते आणि त्याला नावही दिलेले होते. तरीही शतकानुशतके चाललेला अपवाद अपवादच राहतो काय, हा प्रश्न उरतोच.

यशोधरकथेच्या पोथ्या कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भट्टारकाच्या काळात लिहवून घेतल्या, हे त्यांच्या पुष्पिकांतून तपासता येईल. विदर्भातील संशोधक विद्यार्थ्याला हे काम आपल्या दाराशीच उपलब्ध आहे.