संघ वस्तादाच्या हातात द्या
गडमुडशिंगीच्या फुटबॉलप्रेमींचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ,
आपली तालीम, कोल्हापूर

विषय : संघाची घसरण, प्रशिक्षकांचे अधिकार आणि पुढच्या हंगामाची तयारी

महोदय,

आम्ही गडमुडशिंगीत राहणारे आपल्या संघाचे समर्थक. काहीजण मूळचे मुडशिंगीचे, काहीजण पेठेतून आलेले. पेठेतल्या घरात भावाभावांचे संसार मावेनात, म्हणून गुंठा-दीड गुंठा बघून इकडं आलो. घर हललं, संघ हलला नाही. सामना असला की गांधीनगर, तावडे हॉटेल करत दुचाक्यांची रांग शाहू स्टेडियमला लागते. कुणी पशुखाद्य कारखान्यातली पहिली पाळी करून येतो, कुणी संध्याकाळच्या धारेची जबाबदारी घरात सोपवून येतो. त्यामुळं ‘बाहेरच्यांनी पेठेच्या कारभारात का बोलावं’ हा प्रश्न आधीच बाजूला ठेवावा, ही विनंती.

यंदाचा हंगाम कसा गेला ते आपण पाहिलंत. तळाच्या बाजूला अडकलो, खालच्या गटाची पायरी दिसायला लागली, शेवटी दुसऱ्यांच्या निकालांवर जीव वाचला. आता गॅलरीत एकच आरोळी आहे, ‘कोच बदला’. मंडळाच्या बैठकीतही तोच सूर आहे असं कानावर येतं. आमचं मागणीपत्र बरोबर याच्या उलट आहे. प्रशिक्षक बदलू नका. आधी त्यांना प्रशिक्षक होऊ द्या.

असं का म्हणतो, त्यासाठी एक सामना सांगतो. चारचा सामना होता, एक-एक बरोबरी, उत्तरार्ध निम्म्याच्या पुढं गेलेला. आपल्या डाव्या बॅकच्या पोटरीत गोळा आला आणि तो खाली बसला. त्याच्या जागी उतरायचं पोरगं मध्यंतरापासून रेषेच्या कडेनं पळत अंग गरम करत होतं. प्रशिक्षकांनी त्याचा नंबर लिहून चिठ्ठी चौथ्या पंचाकडं न्यायला हातात धरलेली. तेवढ्यात वरून एक पदाधिकारी उतरले, प्रशिक्षकांच्या कानाला लागले, परत वर गेले. प्रशिक्षकांनी हातातली चिठ्ठी नीट चार घड्या करून शर्टाच्या खिशात टाकली आणि दुसरी लिहिली. आम्ही कुंपणाला लागूनच बसलो होतो, त्यामुळं हे सगळं दिसलं.

उतरला तो पोरगा हंगामभर उजव्या बाजूला पुढं खेळलेला. डाव्या पायावर आलेला चेंडू तो अंग फिरवून उजव्यावर घ्यायचा, आणि त्या फिरण्यात एक क्षण जायचा. समोरच्या संघानं ते लगेच हेरलं आणि सगळा खेळ त्या बाजूला वळवला. गोल तिकडूनच झाला. पोरगा गुणी आहे, त्याचा काहीच दोष नाही, आणि तो कुणाचा कोण हे आम्ही इथं लिहीत नाही. सामना संपल्यावर शिव्या मात्र प्रशिक्षकांना पडल्या. खरं सांगायचं तर त्यातल्या काही आमच्याच तोंडच्या होत्या. घडी केलेली चिठ्ठी परत येताना गांधीनगरच्या चहाच्या गाड्यावर आठवली.

आपली तालीम मुळात कुस्तीची. हौद्यात वस्ताद काय म्हणतो ते आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. ‘या जत्रेत तुझी कुस्ती नाही’ असं वस्तादानं म्हटलं, की पैलवानाचा बाप पाटील असला तरी गप्प बसायचा. वर्गणी देणाऱ्यानं खुराकाला दूध-बदाम द्यावेत, डाव शिकवायला जाऊ नये, ही आपलीच रीत. फुटबॉलच्या बाबतीत ती मोडली. वस्तादाला आपण शिट्टी आणि बिब्जची पिशवी दिली, बाकी सगळं पॅव्हेलियनमध्ये ठेवून घेतलं.

बाहेरचे दाखले बघितले तरी हेच दिसतं. मुंबई एफसीला खालिद जमील सात वर्षं प्रशिक्षक होते. विजेतेपद एकदाही आलं नाही, पैसा बेताचा, पण आय-लीगमधून खाली जायचं नाही एवढं ते दरवर्षी जमवत. लोक कंटाळले, २०१६ मध्ये जमील गेले. पुढच्याच, म्हणजे २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि लीगमधून बाहेर पडला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. हा आयझॉल आदल्या वर्षी घसरलेला संघ होता. वाचून हसावं का रडावं कळत नाही.

पुण्याची गोष्ट याहून जवळची. आपल्यातले कितीतरी जण बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने बघायला गेलेत. पाच हंगामांत मुख्य प्रशिक्षक किती? कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, फिल ब्राऊन, असे सहा. यातल्या पोपोविच यांच्याच हाताखाली २०१७-१८ ला संघ एकदाचा उपांत्य फेरीत पोचला, आणि पुढच्या हंगामाला तेच नव्हते. त्यांच्या जागी आलेले पोर्तुगाल तीन सामन्यांत घरी गेले. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला, जागा हैदराबादला गेली. त्यामागं पैशाचीही कारणं होती, सगळं खापर प्रशिक्षकबदलावर फोडत नाही. पण सहा माणसांनी सहा तऱ्हांनी शिकवल्यावर खेळाडूच्या पायात नेमकं काय उरतं, याचा विचार मंडळानं करावा.

आता मागण्या.

पहिली, आणि आमच्या लेखी निम्मं मागणीपत्र हेच. प्रशिक्षकांना एका पूर्ण हंगामाचं लेखी पत्र द्यावं. अकरा खेळाडू, बदली, कर्णधार आणि सरावाची वेळ ठरवण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा, असं त्यात स्पष्ट लिहावं. सामना चालू असताना बेंचवर खेळाडू, प्रशिक्षक, त्यांचा सहायक आणि फिजिओ यांच्याशिवाय कुणी नसावं. अध्यक्षांनीसुद्धा गॅलरीतून बघावं, आम्ही जागा धरून ठेवू. मोबाइलवरून येणारे निरोपही यातच धरलेत.

दुसरी पैशाची. आपले प्रशिक्षक कारखान्यातली पाळी सांभाळून सरावाला येतात आणि गाडीच्या पेट्रोलचे पैसेही कधी मिळतात, कधी नाहीत. देशाच्या संघाला मानोलो मार्केझ हे एकीकडं एफसी गोवा सांभाळत सांभाळत शिकवत होते. भारतीय संघाला त्या काळात आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध, आणि २०२५ च्या जुलैत ते गेले. पगारी प्रशिक्षकाचीही अशी ओढाताण झाली, मग फुकटात राबणाऱ्याची काय होत असेल? ठरलेलं मानधन दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यावं. आपल्या एका निवृत्त खेळाडूला सहायक नेमावं आणि त्याच्या डी लायसन्सच्या कोर्सची फी मंडळानं भरावी.

तिसरी मागणी पोरांची. दरवर्षी नोंदणीच्या तोंडावर बाहेरचा स्ट्रायकर आणायला मंडळ धावपळ करतं. तो येतो, त्याच्याकडं लांब चेंडू फेकायचा एवढाच डाव उरतो. मधली फळी बघत राहते, आणि तो दुखावला की आपल्याकडं काहीच राहत नाही. बाहेरचा खेळाडू नकोच असं आम्ही म्हणत नाही. पण त्याच्यावर जेवढा खर्च होतो, निदान त्याच्या निम्मा तेरा ते सतरा वयाच्या गटावर व्हावा. अनिकेत जाधव कोल्हापूरच्याच मातीतून क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. असा पोरगा लहानपणी कुणाच्या तरी नजरेत भरावा लागतो. आपल्या निवडचाचणीला मात्र अजून ‘पेठेतला कोण, कुणाच्या ओळखीचा’ हे आधी विचारलं जातं. मुडशिंगी, उचगाव, वसगडे, सरनोबतवाडी या गावांतल्या पोरांसाठी खुली चाचणी घ्यावी. मैदान आम्ही बघतो, गोलपोस्ट आम्ही उभे करतो, प्रशिक्षकांनी फक्त एक रविवार द्यावा. विमानतळाच्या विस्ताराला गावची जमीन गेली, मोकळी जागा कमी झाली, तरी संध्याकाळी विमान डोक्यावरून खाली येत असतं आणि खाली पोरं अनवाणी खेळत असतात. एकदा येऊन बघा, मग बोलू.

चौथी, सराव. गोल खायची आपली वेळ ठरलेली आहे, सामन्याचा शेवटचा टप्पा. डोकं चालतं, पाय चालत नाहीत. हंगाम तोंडावर आल्यावर पळायला सुरुवात करून हे सुटणार नाही. दम गणपतीनंतर लगेच भरायला सुरुवात व्हावी आणि सकाळच्या सरावाला न येणाऱ्याला, तो कितीही मोठा असला तरी, सामन्यात बाहेर बसवावं. परत पहिल्याच मागणीवर येतो : बसवायचा अधिकार प्रशिक्षकांना हवा.

पाचवी मागणी प्रशिक्षकांच्या विरोधात वाटेल, पण ती हवीच. वस्ताद म्हणजे देव नव्हे. त्याच २०१७ च्या सतरा वर्षांखालील भारतीय संघाचे जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम यांच्याबद्दल खेळाडूंनी तक्रार केली, त्यांना जावं लागलं आणि मार्चमध्ये लुईस नॉर्टन डी मातोस आले. ऑक्टोबरात विश्वचषक. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तक्रार खरी असेल तर ती ऐकली हे बरोबरच झालं, पण ती स्पर्धेच्या तोंडावर ऐकावी लागली याचं दुःख. म्हणून खेळाडूंचं म्हणणं ऐकायला तीन जुन्या खेळाडूंची समिती असावी. लीग संपल्यावर आणि बाद फेरीच्या स्पर्धा सुरू व्हायच्या आधी तिनं एकदा बसावं. त्याशिवाय मध्येच प्रशिक्षकांच्या खुर्चीला हात लावू नये.

वर्षाचा जमाखर्च तालमीच्या फळ्यावर लावावा, ही सहावी. त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

आमच्याकडूनही काही देणं लागतं. गॅलरीतली आमची वागणूक दरवेळी शोभेशी नव्हती. पंचांना शिव्या, मैदानात बाटल्या, सामन्यानंतर चौकातली हुल्लड. यामुळं कोल्हापुरात सामने थांबले आहेत आणि संघांना भुर्दंड बसला आहे. मुडशिंगीहून येणाऱ्या गटात असं कुणी केलं, तर त्याचं नाव आम्ही स्वतः मंडळाला देऊ आणि त्याला पुढच्या सामन्याला गाडीवर घेणार नाही. पुढचा हंगाम संपेपर्यंत ‘कोच बदला’ ही घोषणा आमच्या बाजूनं निघणार नाही, संघ कितीही हरला तरी.

या मागण्यांवर मंडळानं नोंदणी सुरू होण्याआधी बैठक घ्यावी. आमचे पाचजण येतील. प्रशिक्षकांनाही त्या बैठकीला बसवावं, त्यांच्याबद्दल त्यांच्यामागं बोलणं आम्हाला पटत नाही. सोमवार सोडून कोणताही वार चालेल. वेळ रात्री आठनंतरची ठेवावी, त्याआधी डेअरीचं दूध आणि पाळी दोन्ही आटपत नाहीत.

सोबत सह्यांची चार पानं जोडली आहेत. या पत्राची पोच द्यावी.

आपले,
गडमुडशिंगी (ता. करवीर) येथील समर्थक